मधुकरचा फळा

रविवार, २ फेब्रुवारी २०२५
शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०२४, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी मधुकरला, माझ्या नवऱ्याला, नेलं, आणि फळा कोरा होता. हे नव्या वहीत आधी लिहून टाकते, म्हणजे आनंदाचं लिहायला मी मोकळी.

आज घराची चावी मिळाली. चाळ पाडून साडेचार वर्षं झाली, आणि आता नाहूरला नववा मजला, ९०४. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मिठागरं दिसतात. नळाला पाणी येतं, दार एका झटक्यात लागतं. उत्तराने, माझ्या लेकीने, कांदिवलीहून येऊन दूध उतू घालवलं आणि बीपीच्या गोळ्या डब्यात वारांप्रमाणे लावून गेली. जाताना म्हणाली, आई, शेजाऱ्यांशी पहिल्याच आठवड्यात भांडू नकोस.

चाळीचा फळा आता लॉबीत, पॉलिश केलेल्या चौकटीत. चाळीत कोणी गेलं की फाटकाजवळच्या या फळ्यावर खडूने नाव, वय आणि अंत्ययात्रेची वेळ लिहायची. कामावरून येणारा माणूस वाचायचा आणि डबा हातात तसाच त्या घरी जायचा. एकतीस वर्षं ते अक्षर मधुकरचं. शाळेत चित्रकला शिकवायचा. ‘निघेल’मधल्या ल ला खाली लांब शेपटी काढायचा. मी म्हणायची, मेलेल्या माणसाला नक्षी कशाला? तो म्हणायचा, शेवटचं नाव आहे गं, नीट नको का?

सोसायटीचा सेक्रेटरी देवेश म्हणाला, आंटी, फळा आता हेरिटेज आहे. अंकलचं मी ग्रुपवर टाकलेलं ना. टाकलं होतं. गुलाबाचं गुड मॉर्निंग आणि टाकी सफाई, यांच्या मधोमध. सात माणसं आली.

बुधवार, ५ फेब्रुवारी
फळ्यावर खडूने लिहिलेलं: भाऊ राणे, वय ८१, अंत्ययात्रा उद्या सकाळी दहा वाजता निघेल. भाऊ तिथेच बाकावर चहा पीत होते. मी अजून खंय मेलंय, म्हणून इतके हसले की चहा सांडला. मी देवेशला खडसावलं. असल्या थट्टेला आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर छडी देत. त्याने आईची शपथ घेतली.

शेपटी मी पाहिली. ‘निघेल’च्या ल ला, तीच लांब.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
भाऊ बरोबर दहाला गेले.

वॉचमन चंद्रप्रकाशने कॅमेरा दाखवला. फळ्याजवळ कोणी येत नाही. अक्षरं मात्र उमटतात, एकेक, सावकाश. मधुकर लिहायचा त्याच वेगाने.

रविवार, ९ फेब्रुवारी
मधुकरच्या वेळी फळा कोरा ठेवला म्हणून देवेशविरुद्ध तक्रार लिहायला बसले. लिहून फाडली.

खरं लिहिते. मधुकरला नेलं त्या दिवशी फळा बांधकामाच्या फाटकावर होता, आमच्या भाड्याच्या खोलीपासून दहा पावलांवर. देवेशने खडू माझ्या हातात दिला होता. म्हणाला, तुम्हीच लिहा ना आंटी. मला लाज वाटली. माझं देवनागरी अक्षर कॉन्व्हेंटमधलं. मधुकर चिडवायचा, तुझी अक्षरं युनिफॉर्म घालून रांगेत उभी आहेत. लोक हसतील म्हणून मी खडू पर्समध्ये टाकला. अजून तिथेच आहे.

एकतीस वर्षं त्याने सगळ्यांना शेवटचं नाव दिलं. त्याला मी दिलं नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी
उत्तरा मधुकर तेंडोलकर, वय ३८. अंत्ययात्रा रविवारी सायंकाळी सहा —

माहेरचं नाव. बाप दुसरं कसं लिहील.

फोन केला. ठणठणीत आहे. उलट मलाच ओरडली, गोळी घेतलीस का. रविवारी येऊ नकोस म्हटलं. का, म्हणाली, भांडलीस ना कोणाशी?

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
ओल्या फडक्याने पुसलं. फळा वाळला तशी अक्षरं परत वर आली. सात वेळा पुसलं. देवेशने हात धरला, म्हणाला, आंटी, चला वर. त्यानेही वाचलंय.

रविवार, १६ फेब्रुवारी, साडेपाच
लॉबीतल्या बाकावर बसून लिहितेय. फळ्यावर त्याचं नाव लिहिलं. मधुकर शंकर तेंडोलकर, वय ७१. वाकडंतिकडं. कोणी हसलं नाही. देवेश रडला.

उत्तराचं नाव गेलं नाही.

पावणेसहा
पर्समधला तोच खडू. तिच्या नावावर काट मारली, खाली माझं लिहिलं. जानकी मधुकर तेंडोलकर, वय ६७. सहा वाजता. माझं अक्षर पुसट होतंय. तिचं —

फाटकावरून चंद्रप्रकाशचा फोन. उत्तरा मॅडम आल्या. सांगितलं होतं ना येऊ नकोस, सांगितलं —

पाच चोपन्न
मधुकर, खडू मी ठेवला पर्समध्ये. तिने नाही. ती तर त्या दिवशी तुझे पाय धरून बसली होती.

तिचं नाव काढ, माझं लिही. तुझ्या अक्षरात, शेपटीसकट. सहाच्या आत. लेखी उत्तर हवं मला, तोंडी नको. तुझा आवाज ऐकला तर माझ्याच्याने —