पहाटे का उठवायचो

चि. दादास,

सुट्टीवर आलेल्या तुला काल पहाटे चारला गदागदा हलवून उठवलं, ते चुकलंच माझं. ‘बाबा, चाळिशी उलटली माझी, आता तरी झोपू द्या की!’ म्हणालास, ते बरोबर आहे.

लहानपणी तुला सांगायचो, ब्राह्ममुहूर्ती उठलं की विद्या येते. पोथ्यांत आहे तसं. पण खरं सांगू? दिवसभर मला कुणाशी धड बोलता यायचं नाही. तू मात्र उठून तळहात बघायचास आणि आई जागी होईपर्यंत जांभया देत माझ्याशी गप्पा मारायचास. तेवढ्यासाठी उठवायचो.

वाचनालयात जातोय. दूध तापवून ठेवलंय. उद्या चारला दोघांचा चहा टाकीन, हाक मात्र मारणार नाही.

— बाबा