प्रार्थनेत उघडा राहिलेला डोळा

प्रिय आत्या,

हो, प्रार्थनेत मी डोळा उघडला होता, पण एकच, आणि तोही अर्धा. देवाशी बोलताना माणसांकडे कशाला बघायचं, असं तू फोनवर विचारलंस आणि नेमकी माझी बॅटरी संपली, म्हणून उरलेलं इथे लिहितो. (बॅटरी खरंच संपली होती.) पण आधी प्रभूच्या नावाने तुला सलाम. गुडघा कसा आहे? मोतीबिंदूचं काय ठरलं? इकडे आई बरी आहे, मी बरा आहे, धंदा बरा आहे, आणि सगळा घोळ त्या तिसऱ्या बऱ्याने केलाय.

तुला माहितीये, मी ऑफिसातल्या फिरत्या खुर्च्या दुरुस्त करतो. बसल्या बसल्या खाली जाणारा दांडा, तुटलेलं चाक, फाटलेलं रेक्झिन, जे असेल ते. मोठ्या हॉस्पिटलच्या सगळ्या खुर्च्यांचं काम मिळालं, मग सेकंडहँड का होईना, व्हॅन घेतली आणि चर्चच्या पाळकसाहेबांना म्हटलं, गाडीवर प्रार्थना करा. मंडळीतले बरेच लोक आले. सगळ्यांनी बॉनेटवर, दारांवर हात ठेवले आणि डोळे मिटले. आता मला सांग, एवढे लोक आपल्या गाडीला हात लावतायत, तर कोण कुठल्या मनाने लावतोय हे कोणीतरी बघायला नको? म्हणून तो डोळा. तर दिसलं काय, रिटायर्ड पीटी मास्तर बुटाने टायर दाबून बघतायत, आणि आपल्या दादाचा हात गाडीवर नाहीच. खिशात. सख्खा भाऊ माझा. मग मास्तरांनी मोठ्याने प्रार्थना केली की हे प्रभू, या मुलाला गाडी दिलीस, आता त्याचे पायही जमिनीवर ठेव. (टोमणा प्रार्थनेत घालून मारला की समोरच्याला उलट बोलता येत नाही, ही लोकांची फार मोठी सोय आहे.) आणि यावर सगळ्यात खणखणीत आमेन कोणाचं? दादाचं.

दुसऱ्याच दिवशी टायर बसला. पंक्चरवाल्याने आतून बारीक खिळा काढला, आपण खुर्चीला कापड ठोकतो तसला. खिळा माझ्याच दुकानातला, हे मी मान्य करतो. पण माझा खिळा माझ्याच टायरखाली ठेवला कोणी, हा प्रश्न उरतोच ना. (आई म्हणाली, तूच सांडला असशील. आई फार भोळी आहे.)

आणि त्या रविवारी उपदेश नेमका हेव्यावर. जुन्या काळातल्या एका माणसाची भरभराट झाली, शेजारी जळले, त्यांनी त्याच्या विहिरी बुजवल्या. तो भांडला नाही. पुढे गेला, दुसरी खणली, आणि असं करत करत शेवटी त्याला ऐसपैस जागा मिळाली. मला हे एकदम पटलं. आता माझ्याकडे विहीर कुठली, म्हणून मी बाक सोडला. आपला नेहमीचा, दादाच्या शेजारचा. खांबामागे गेलो, तर मास्तरांची बायको माझ्या बुटांकडे बघत होती. अजून मागे गेलो, तर शिंपीकाकांनी हळूच विचारलं, काय रे, गाडीवाल्यांना पुढे जागा कमी पडते का. असं सरकत सरकत मी दाराजवळ तान्ह्या बाळांच्या आयांमध्ये पोचलो. तिथे ऐसपैस काही नव्हतं, आणि एका बाळाने माझ्या नव्या शर्टावर दूध ओकलं. त्या बाळाच्या पोटात हेवा नव्हता, हे मी खात्रीने सांगतो. जवळजवळ खात्रीने.

मग म्हटलं, पळायचं नाही, प्रेमाने जिंकायचं. दुकानातली सगळ्यात भारी खुर्ची, मागे रेलणारी, डोकं टेकायची, दादाच्या घरी नेऊन ठेवली. वहिनी थँक्यू म्हणाली. पुन्हा गेलो तेव्हा खुर्ची पॅसेजमध्ये, भिंतीकडे तोंड करून, आणि तिच्यावर टॉवेल वाळत. शंका पक्की. तडक पाळकसाहेबांकडे जाऊन सगळे पुरावे मांडले. त्यांनी ऐकून घेतलं. (त्यांची खुर्ची माझ्या डोळ्यांदेखत खाली जात होती, पण मी मध्ये बोललो नाही.) म्हणाले, हे सगळं देवाने दिलंय असं तू मंडळीपुढे साक्ष देताना म्हणालास, मग राखणीला तू का बसलायस? जळणाऱ्याचं भलं मागायचं असतं, त्याचा चेहरा तपासत बसायचं नसतं. आणि दादाला एकदा विचारलंस तरी का? आत्या, मी सगळ्यांकडे बघितलं होतं. विचारलं कोणालाच नव्हतं.

संध्याकाळी गेलो. दादा खुर्चीवरच्या टॉवेलांच्या घड्या घालत होता. मी सरळच विचारलं, तू माझ्यावर जळतोस का. आत वहिनीने मिक्सर बंद केला.

"जळलो थोडा," दादा म्हणाला. "म्हणून तर हात खिशात ठेवला. मनात एक आणि हात गाडीवर, असं देवासमोर कसं करायचं? आमेन म्हटलं ते माझ्यासाठी. पायांची प्रार्थना मलाही लागू होती." मग टॉवेल झटकून म्हणाला, "ते गेलं रे नंतर. पण तू दर रविवारी आमच्या शेजारून गाडी काढतोस आणि आम्ही दोघं चालत. वाटायचं, आज थांबवेल, आज म्हणेल, दादा बस."

मी म्हटलं, गाडीत खुर्च्या भरलेल्या असतात. वहिनी आतून म्हणाली, रविवारी खुर्च्या पण चर्चला येतात का? याचं खरं उत्तर त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. शनिवारी मी त्या मुद्दाम उतरवत नव्हतो. काचेतून दिसतात ना, काम किती आहे ते. (हे फक्त तुला सांगतोय.)

तब्येतीला जप, आणि माझ्यासाठी प्रार्थना करशील तेव्हा पायांचा विषय टाळ.

तुझा भाचा

ता. क. खरं पत्र इथून आहे. या रविवारी तू ये. नुसतंच दादा बस म्हटलं तर तो म्हणेल, सांगितल्यावर सुचलं. तुला स्टेशनवरून आणायचंय म्हटलं की त्याला नाही म्हणता येणार नाही. मोतीबिंदूची चौकशी मनापासून केली होती, पण डोळ्यांचे चांगले डॉक्टर इकडेही आहेत, एवढं कारण पुरेल.

ता. क. पुन्हा. गाडीतल्या खुर्च्या उतरवल्या. मास्तर बघत होते. म्हणाले, काय रे, काम सुटलं वाटतं. आवाजात काळजी होती, पण मला ती जरा जास्तच वाटली.

ता. क. शेवटचं. पुढे चालवणाऱ्याशेजारी एकच सीट आहे, तिथे तू बसशील. वहिनी माझ्या आईच्या सोबतीला घरीच थांबेल, म्हणजे आम्हा दोघा भावांपैकी एकजण मागे, खुर्च्यांच्या जागी, नुसत्या पत्र्यावर. गाडी चालवायला मला दादानेच शिकवलं. किल्ली त्याच्या हातात द्यावी आणि मी मागे बसावं, असं मनात आहे. पण दिली तर त्याला वाटेल, हा मोठेपणा दाखवतोय. आणि समजा त्याने माझ्यापेक्षा छान चालवली, आणि मागे बसून मीच थोडा जळलो, तर मग? देऊ का किल्ली? तुला काय वाटतं?