मालक आडवे पडले तेव्हा

ताइचुंग, सोमवार सकाळ

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (टाच दुखत असल्यामुळे आठांतलं एक अंग कमी भरेल, सांभाळून घ्यावं.)

तुमची कंबर कशी आहे? दुपारी जेवून आपल्या माशांच्या तळ्याकाठी गोणपाटावर आडवं व्हायची सवय अजून तशीच आहे, असं शेजाऱ्यांकडून कळलं. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र. पिंगतुंगहून पाठवलेले बागेतले जाम पोचले. तुमच्या भाचेसुनेने, ली-श्वेने, निम्मे शेजाऱ्यांना वाटले आणि उरलेले मला दाखवून स्वतः खाल्ले. आम्ही सर्व सुखरूप आहोत. ‘सर्व’मध्ये मासे धरले तर मात्र सविस्तर लिहावं लागेल.

आमच्या इमारतीच्या खालच्या दालनात चार फुटी काचेची टाकी आली, हे मागे कळवलं होतंच. ती सांभाळायला रहिवाशांच्या सभेने एकमताने माझी निवड केली, कारण त्या सभेला मी एकटाच गैरहजर होतो. तुम्ही तेव्हा निक्षून सांगितलं होतंत : आधी झाडं लाव, मग स्वभाव बघून मासे आण, आणि जो घोळक्यात राहणारा आहे त्याला एकटा ठेवू नकोस. मी मान डोलावली होती. (फोनवर मान डोलावलेली दिसत नाही, त्यामुळे पुरावा नाही.) पण आमच्याकडे मासे स्वभाव बघून आणत नाहीत, मतदान घेऊन आणतात. अध्यक्षीण हुंगबाईंनी ठराव मांडला की प्रत्येक मजल्याने आपापल्या पसंतीचे मासे द्यावेत, म्हणजे कुणाचं मन दुखायला नको. मनं राहिली, शेपट्या गेल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्याने सहा वाघपट्टे दिले. त्यांनी अकराव्या मजल्याच्या एंजलांचे लांब झुळझुळीत पर दोन दिवसांत कुरतडून आखूड केले. (दातांचा धंदा माणूस घरीदारी कुठेच सोडत नाही.) एंजलांनी तो राग तिसऱ्या मजल्याच्या इवल्याशा निऑन माशांवर काढला. निऑन चोवीस होते, रविवारपर्यंत अकरा राहिले आणि एंजलांची पोटं गोल झाली. सातव्या मजल्यावरून झाडांच्या नावाखाली लाल फीत बांधलेले लकी बांबू आले. ते भरभराट आणतात म्हणे. पाण्यात बुडवल्यावर आठवड्यात ते पिवळे पडून कुजले आणि त्यांनी फक्त शेवाळाची भरभराट केली.

स्वतः हुंगबाईंनी आठ रक्तपोपट दिले. लाल रंग शुभ, आठ आकडा शुभ, त्यामुळे मासेही शुभच, असा हिशेब. त्या आठ शुभ जिवांनी टाकीतली वाळू उपसून एका कोपऱ्यात डोंगर केला आणि मी लावलेलं प्रत्येक रोप मुळासकट वर काढून ठेवलं. मी तक्रार नेली तर बाई म्हणाल्या, “अहो, उत्साही आहेत ते! तुम्ही जरा शिका त्यांच्याकडून.”

एवढ्यावर मी राजीनामा देऊन मोकळा झालो असतो. पण मध्ये आले त्सेंग मास्तर. हे पाचव्या मजल्यावर राहतात, म्हणजे खरं तर चौथ्या; पण आमच्या भाषेत चारचा उच्चार मरणासारखा, म्हणून आमच्या लिफ्टमध्ये ते बटणच नाही. चौतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस रोज संध्याकाळी तीननंतर पाच मोजून घरी जातो. बायको गेल्या वर्षी वारली. तिच्या मागे राहिला एक तीनपट्टी उंदीर (तोच तुमचा नारिंगी अंगाचा, काळ्या पट्ट्यांचा, मिशीवाला मासा), वय अकरा वर्षं. तिने त्याचं नाव ‘मालक’ ठेवलं होतं, घरात कुणीतरी मालक असावा म्हणून. मास्तरांच्या गुडघ्यांना पाण्याच्या बादल्या झेपेनात, तेव्हा पातेल्यात मालकांना घेऊन ते खाली आले आणि म्हणाले, “तुमच्या भरवशावर ठेवतोय हो.” रोज सकाळी बाकावर बसून ते मालकांना वर्तमानपत्र वाचून दाखवतात. घरी ऐकायला दुसरं कोणी उरलेलं नाही. मामा, आता सांगा, राजीनामा कसा देणार?

म्हणून मी मुत्सद्देगिरी केली. रक्तपोपटांना बढती देऊन हुंगबाईंच्या विम्याच्या कचेरीत वेगळ्या टाकीत पाठवलं. बाईंनी फटाके वाजवले. वाघपट्टे दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात गेले. एंजलांना अकराव्या मजल्याने परत नेलं. मग तुमचं जुनं सांगणं आठवून ओंडक्याला जावा फर्न दोऱ्याने बांधलं, मागे उंच गवत दाट लावलं, आणि निऑन, थोडे शांत तळमासे नि मालक एवढंच कुटुंब ठेवलं. इतकं देखणं झालं की पहारेकऱ्याने कॅमेऱ्यांच्या पडद्याकडे बघणं सोडलं.

आणि मागच्या बुधवारी दुपारी मालक ओंडक्यामागे आडवे. अगदी कुशीवर. काचेवर टिचकी मारली, हलले नाहीत. मास्तर गुडघे शेकायला दवाखान्यात, तीनला परतणार. दोन वाजले होते. मामा, मी खरं सांगायला हवं होतं, पण त्या बाकावरचं वर्तमानपत्र बघून मला ते जमेना. स्कूटर काढली, माशांच्या बाजारात जाऊन तेवढाच, तसाच गाठला, पिशवी शर्टाखाली लपवून आणली. गादी रिकामी दिसायला नको म्हणून आधी नवे मालक आत सोडले. मग जुन्यांना उचलायला जाळी लावली, तर ते ताडकन उठले, माझ्याकडे तुच्छतेने पाहिलं आणि गवतात शिरले. मागोमाग नवेही शिरले. गवत मीच लावलेलं, इतकं दाट की दोघांतला एकही हाती लागेना.

तीनला मास्तर आले. चष्मा पुसला. मोजलं.

“आज मालक दोन दिसताहेत.”

“मामांनी पाठवला, मास्तर. भेट म्हणून.”

“अस्सं? मामा फार मनकवडे दिसतात,” ते म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं. तेव्हापासून दोन्ही मालक अंगाला अंग लावून फिरतात, आणि माझ्या घशाखाली भात उतरत नाही.

ली-श्वेचा नमस्कार. कंबरेला जपावं.

तुमचा भाचा,
आ-ख्वान

ता. क. : पत्राचं खरं कारण असं, की मास्तरांना तुमचे आभार मानायचे आहेत. त्यांचं पत्र आलं तर ‘हो, मीच पाठवला’ एवढंच लिहा. बुधवार हा वार लक्षात ठेवा.

ता. क. दुसरं : वरचं रद्द. पाकिटाला डिंक लावत असताना मास्तर आले. म्हणाले, “मालक अकरा वर्षं असेच झोपतात. आमच्या हिने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तासभर रडली होती. तुम्हाला सांगायचं राहिलं, चूक माझी.” शर्टाखालची पिशवी पहारेकऱ्याने टाकीकडे बघता बघता पाहिली होती आणि लिफ्टमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली होती. मास्तर रागावलेले नाहीत. उलट म्हणतात, इतकी वर्षं त्याला एकटं ठेवलं हेच चुकलं. असे सहा तरी असावेत, असं त्यांनी कुठेसं वाचलं आहे. (मी तुमचं नाव घेतलं नाही. तुम्ही हेच आधी सांगितलं होतंत, हे मान्य करायला मी अजून तयार नाही.) दोन आहेत, आणखी जितके लागतात तितके तुमच्या तळ्यातून आणा. आकडा मी लिहीत नाही, आमच्या इमारतीत तो नाही.

ता. क. तिसरं : ‘आणा’ म्हटलंय, ‘पाठवा’ नाही. मामी गेल्यापासून तुम्ही पिंगतुंगबाहेर पाऊल टाकलेलं नाही. मास्तर बुद्धिबळ स्वतःशीच खेळतात आणि तरी हरतात. महिनाभर राहा. दुपारी दालनातल्या बाकावर खुशाल आडवे व्हा. मी आधी हलवून बघीन. बाजारात दुसरे मामा मिळत नाहीत, चौकशी केली आहे.