खैरगावच्या उसन्या मुली

अमरावती,
ता. ११ फेब्रुवारी १९४१

प्रिय जहाँआरा,

परवा रविवारी अकोल्याला शिक्षक संघाच्या परिषदेत मला हार घातला. झेंडूचा, आणि तोही शिळा. माळ्याच्या लेकीला ते दुरूनच कळतं. संघाची जुनी सेक्रेटरी म्हणून मला व्यासपीठावर बसवलं होतं. समोर तीनशे मास्तर, त्यातल्या निम्म्यांचं लक्ष जेवणाच्या पंगतीकडे. खैरगावची उर्दू कन्याशाळा पुन्हा उघडावी आणि तुला सन्मानाने परत घ्यावं, हा ठराव सातवा होता. त्याचं काय झालं ते कळवायलाच लिहायला बसले. पण आधी मला थोडं भांडून घेऊ दे. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला इंग्रजी, शिवण आणि मान खाली घालणं शिकवलं. तिसऱ्या विषयात मी कायमची नापास.

आपल्या शाळा चालवणाऱ्या बोर्डाचा तो नियम आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. तपासणीच्या दिवशी पंचवीस मुली हजर नसतील तर कन्याशाळा बंद. आणि इन्स्पेक्टर साहेबांची तपासणी कधी? ऐन कापूस वेचणीत, कारण दौऱ्याला तेव्हा हवा बरी असते. एरवी चाळीस मुली येणाऱ्या शाळेत त्या दिवसांत बारा उरायच्या, बाकीच्या आयांबरोबर वावरात, पऱ्हाटीची बोंडं वेचत. बोर्डाच्या कमिटीतल्या शहाण्यांच्या मुली नागपूरच्या बोर्डिंगात शिकत होत्या, त्यांना वेचणी कशाशी खातात हे कुठून कळणार? घरोघर जाऊन मुलींना बोलावून आणणारी आपली पार्बताबाई एकदा रिकाम्या हातांनी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, पोरी साऱ्या वावरात हायेत. आता हजेरी काय पऱ्हाटीले लावू?"

म्हणून तू आणि मी मुली उसन्या घ्यायचो. साहेब सकाळी माझ्या मराठी शाळेत, दुपारी जेवण करून तुझ्या उर्दू शाळेत. सकाळी तुझ्या बारा-तेरा मुली ओढण्या काढून माझ्याकडे मागच्या रांगेत बसायच्या. "टिकली तेवढी लावू नका शालूबाई, यांच्या आया मले कच्चं खातीन," असं तू बजावायचीस. दुपारी माझ्या मुली त्याच ओढण्या डोक्यावर घेऊन मागच्या बोळातून तुझ्याकडे पळायच्या. एका वर्षी माझ्या गैरहजर सत्यवतीच्या नावाला तुझी बिस्मिल्ला "हजर" म्हणाली, आणि साहेबांनी नेमकं तिलाच कविता म्हणायला उभं केलं. पोरीने कविता अशी स्वच्छ म्हटली की साहेबांनी तपासणीच्या वहीत "मुलींचे मराठी उच्चार शुद्ध" असं लिहून ठेवलं. संध्याकाळी तू माझ्या मुली परत आणून सोडल्यास. "घ्या मोजून. एखादी माझीच आली असन तर वापस करा." दोघी भिंतीला टेकून हसलो होतो. त्यानंतर तशी मी हसल्याचं मला आठवत नाही.

तीस साली संघाने बोर्डाकडे अर्ज केला. तपासणी वेचणीनंतर ठेवा, एका दिवसाच्या हजेरीवरून शाळा बंद करू नका, एवढीच मागणी. ती रास्त होती आणि आजही कोणी मान्य केलेली नाही. सेक्रेटरी मी, म्हणून मसुदा माझा. शाळांवर काय पाळी येते हे पटवायला मी एक उदाहरण दिलं: खैरगावच्या उर्दू कन्याशाळेत तपासणीच्या दिवशी मराठी शाळेतल्या मुली बसवाव्या लागतात. तुला विचारलं नाही. वाटलं, खरं वाचून बोर्डाला लाज वाटेल. बोर्डाने अर्ज बाजूला ठेवला आणि ते एक वाक्य उचललं. तुझी शाळा बंद केली, तुझ्या नोकरीच्या कागदावर खोट्या हजेरीचा शेरा मारला, आणि तो शेरा वाचून पुढे कुठल्याच शाळेने तुला घेतलं नाही. अकोटला घरच्या ओसरीत तू चार मुली शिकवतेस, असं ऐकते. खैरगावला तुझ्या वर्गात आता सरकीची पोती आहेत. बिस्मिल्ला दिवाळीत पातूरच्या बाजारात भेटली, कडेवर पोर. भावाचं पत्र माझ्यापुढे धरून म्हणाली, "बाई, वाचून द्या. अक्षरं विसरून गेली मी."

तर रविवारचं सांगते. ठराव वाचून झाला आणि बोर्डातले एक गृहस्थ उठले. हातात माझाच अर्ज. म्हणाले, "तुमच्याच सेक्रेटरीने लिहून दिलंय. लबाडी त्या एका शाळेत होती, मराठी शाळेची हजेरी चोख होती." हल्लीचा सेक्रेटरी शेषराव, तरुण आणि भला मुलगा, माझ्याकडे वळला. "बाई, तुमी तवा तिथंच होत्या. कसं होतं, सांगा ना." मी पाण्याचा पेला उचलला. मी म्हणाले, फार वर्षं झाली, आठवत नाही. गृहस्थ हसले. ठराव बाजूला ठेवला गेला, आणि मी तो हार गळ्यात घेऊन पंगतीत जेवले.

अर्ज लिहिताना माझी शाळा मी विसरले नव्हते, जहाँआरा. सेक्रेटरीच स्वतः उसन्या मुली बसवते म्हटलं तर अर्जाला वजन राहणार नाही, असं मी मनाला समजावलं. खरी गोष्ट अशी की मोठ्या शाळेवर हेडमिस्ट्रेस म्हणून माझं नाव त्याच महिन्यात बोर्डाकडे जायचं होतं. ते गेलं, आणि मंजूरही झालं. तुझी चौकशी झाली तेव्हा तू एका वाक्यात मला बुडवू शकली असतीस. तू गप्प राहिलीस. मी मात्र बोर्डाला शिव्या देत हिंडले, आणि लोक मला लढाऊ म्हणत आले.

संघाचा ठराव नसला तरी येत्या बावीस तारखेला बोर्ड तुझ्या शाळेचा आणि त्या शेऱ्याचा शेवटचा निकाल करणार आहे. तुझ्या बाजूने शेषराव जाणार आहे. मी येईन असं कबूल करत नाही. चारचौघांत माझं तोंड ऐन वेळी काय करतं ते रविवारी पाहिलं. म्हणून लिहून देते. सत्तावीस, अठ्ठावीस आणि एकोणतीस, या तिन्ही साली तपासणीच्या सकाळी माझ्या शाळेत तुझ्या मुली बसल्या होत्या आणि त्यांची हजेरी मी माझ्या हाताने लावली. आठवल्या तेवढ्यांची नावं मागच्या पानावर आहेत. पत्र मिळताच शेषरावाकडे पाठव, बोर्डापुढे सगळं वाचायला सांग, हाराचंसुद्धा. माझी पेन्शन बंद करायची तर करू देत. मला क्षमा करायची की नाही हे बावीस तारखेनंतर ठरव, आधी नको. सही पूर्ण करते, म्हणजे ती माझी नाही असं मलाही म्हणता येणार नाही.

तुझीच शालू, म्हणजे
शालिनी उत्तमराव मेहरे,
तेव्हाची शिक्षिका, मराठी कन्याशाळा, खैरगाव