तळमजल्यावरचं पाणी

मे महिना, मंगळवार. संध्याकाळ.

सोसायटीचा बोअर महिनाभर कोरडा. तळमजल्यावरच्या साळवेकाकांनी कुणाला न विचारता पार्किंगमध्ये स्वतःचा बोअर घेतला, त्याला मात्र पाणी लागलं. तो बंद करा म्हणून सोसायटीनं दावा लावलाय, आणि सेक्रेटरी मी! तरी रोज हंडा भरते तो त्यांच्याकडंच. काका म्हणतात, "केस तिकडं कोर्टात चालू द्या, ताई. हंडा इथं ठेवा."

आज सोसायटीचे वकील काकांविरुद्धचं प्रतिज्ञापत्र घेऊन घरी आले. मी तांब्याभर पाणी दिलं. पिऊन म्हणाले, "पाणी लई गोड आहे हो तुमच्याकडं." कुठलं ते सांगायला जीभ रेटली नाही. सही मात्र केली. कशी केली मी?

हंडा रिकामा झालाय. जिना उतरायला पाय उचलत नाही.