गवरीचं डावं पाऊल

२० ऑगस्ट २०२५, बुधवार

डॉक्टरने आज मला खोटं पाडलं! साखर तपासायला गेले तर म्हणाला, पाय वर घ्या, डोळे मिटा. हातात नायलॉनचा जाडसर दोरा. "टोचलं की हो म्हणा." मी म्हणत गेले — हो. हो. जरा थांबून पुन्हा हो. डोळे उघडले तर बरोबर आलेल्या गार्गीचा चेहरा उतरलेला आणि डॉक्टर म्हणतोय, "आजी, डाव्या पायाला शेवटी शेवटी मी हातच लावला नव्हता."

मग मी हो कशाला म्हणत होते? वाटत होतं खरं काहीतरी. कुणीतरी टोचत होतं. डॉक्टर नव्हता, तर कोण?

रिक्षात गार्गीने सगळं पुन्हा समजावलं. सून आहे की मास्तरीण! म्हणे चटका बसला की हात आधी मागे येतो, दुखल्याचं डोक्याला नंतर कळतं. माझा डावा पाय मागे येणारच नाही. साखरेने नसा खाल्ल्या. म्हणून घरातही चप्पल घालायची आणि रोज संध्याकाळी तळव्याखाली आरसा धरून बघायचं. गुडघे वाकत नाहीत, म्हणून आरसा. बासष्टाव्या वर्षी तोंड आरशात बघत नाही मी, आणि तळवे बघू?

२३ ऑगस्ट

घातली चप्पल. देव्हाऱ्यासमोरून जाताना काढली, पलीकडे गेल्यावर घातली, येताना पुन्हा काढली. भांडुपच्या या दोन खोल्यांत देव्हारा कुठून दिसत नाही? शेवटी दाराबाहेर ठेवून दिली. तिची जागा तीच.

२५ ऑगस्ट

देवेशने, माझ्या लेकाने, मखर लावलं. झकास झालंय. वरती बारक्या आरशांची माळ.

गेल्या वर्षी हे गेले, म्हणून ना गणपती ना गवर. यंदा दोन्ही. पण गवर आता कुंदा आणणार, माझी धाकटी जाऊ. चारकोपहून राहायलाच येतेय. दारापासून आत गवरीची पावलंही तीच काढणार. लग्न झाल्यापासून मी काढली ती पावलं! आता मी लांबून बघायचं. विधवेचा हात नको. असं कुणी म्हणालं नाही, पण कुणी ये असंही म्हणालं नाही. वाईट वाटतं. फार वाटतं. इथे लिहिते, तोंडाने बोलणार नाही.

२६ ऑगस्ट

माळ निसटली, आरसे फुटले. ऐन आदल्या दिवशी! दोनदा झाडून घेतलं. देवेश एका आरशाचे तुकडे जुळवत बसला. "आई, एक तुकडा मिळत नाहीये. चप्पल घाल ना यार." उद्या बाप्पा येतोय आणि मी चपला घालून मिरवू? सापडेल कुठेतरी.

२७ ऑगस्ट

बाप्पा आले. नुसती धावपळ. दिवसभर उभी होते, पाय जरा म्हणून दुखला नाही. म्हणे नसा गेल्या!

३१ ऑगस्ट, रविवार

गवर आली. कुंदाने तेरड्याची जुडी पदराखाली झाकून आणली. कुंकवाच्या पाण्यात मूठ बुडवून दारापासून मखरापर्यंत पावलं उमटवली. बारीक बारीक, बाळाच्या पायाएवढी. मी स्वयंपाकघराच्या दारात बसून होते.

मनात म्हटलं, बाई, गेल्या वर्षी आणली नाही म्हणून रुसू नकोस. माझ्यासाठी आलीस का तेवढं कळू दे.

१ सप्टेंबर

सगळं नीट लिहून ठेवते.

सकाळी दुधाची पिशवी दारातून घेतली, देवापाशी ठेवली, आणि वळले तर — लादीवर पावलं! कुंदाने काढलेली नव्हेत. मोठी. चांगली बाईमाणसाच्या पायाची, पाची बोटं दिसताहेत. लालसर, ओली. दारापासून गवरीपर्यंत. आणि सगळी डावी! उजवं एकही नाही.

कुंदाला उठवलं. तिने बघितलं आणि हातच जोडले. "वयनी, गवर इली गो! एकच पाऊल म्हणजे ती रवाक इली. जातली असती तर दोनय दिसली असती. पुसू नको, खबरदार कोण पुसात तर!" गवर राहायला आली म्हणत तिने प्रत्येक पावलावर हळदकुंकू वाहिलं, वर एकेक फूल. बघता बघता अख्खी चाळ जमली. बायका वाकून वाकून पाया पडल्या.

मीही खाटेला धरून कशीबशी वाकले. कपाळ टेकलं. कपाळाला ओलं लागलं. मी पुसलं नाही. किती महिन्यांनी माझं कपाळ लाल झालं!

गार्गी तेवढी वाकली नाही, लादी निरखत होती. मग हळूच म्हणाली, "आई, कुंकू सुकल्यावर असं काळं पडतं का?" कुंदा खेकसलीच तिच्यावर. दुपारी आमच्या कोकणी रीतीने वडे-सागोतीचा, कोंबडीचा नैवेद्य झाला, तर ही पुन्हा आली. "आई, तुमचा पाय बघू जरा." म्हटलं, सणासुदीला पाय कसला बघतेस, नमस्कार कर आणि वाढायला घे.

अंगात कसकस आहे. थंडी वाजतेय. गवर आलेल्या घरात असं होत असावं.

२ सप्टेंबर

आजही होती. स्वयंपाकघरात, मोरीपाशी, कालच्यांहून गडद. ही बाई घरभर फिरतेय! रात्री मी कान देऊन पडले होते, पण चाहूल नाही, पैंजण नाही. भीती वाटते आणि बरंही वाटतं.

कुबट, गोडूस वास येत होता सकाळी. तेरडा कुजला असणार. आता येत नाही. गार्गी मात्र बाहेरून आली की नाकाला ओढणी लावते. "आई, कसला वास आहे हा? तुम्हाला येत नाही?" नाही येत. नाक सवयीला लागलं असेल.

संध्याकाळी गवर बोळवली. मी गेले नाही, ताप होता. कुंदा विसर्जनाहून परस्पर घरी गेली. गार्गीने फिनेल टाकून सगळी लादी पुसली. आता मी अडवलं नाही. घर एकदम ओकं झालं.

३ सप्टेंबर, सकाळ

पावलं आहेत.

गवर तर काल गेली! डोळ्यादेखत गेली. लादी पुसलेली. मग ही कुणाची? दार आतून बंद आहे. तीच डावी, तीच बोटं. गार्गीला उठवत नाही, आधी मागे मागे जाऊन बघते.

३ सप्टेंबर, दुपार. हॉस्पिटल

लिहून टाकते.

पावलांच्या मागे मागे गेले. दारापासून मोरीपर्यंत, मोरीपासून देवापाशी, तिथून खोलीत. माझ्या खाटेपाशी संपली. मी खाटेवर बसले. तेवढ्यात गार्गी आली. तिने लादी बघितली, मला बघितलं, आणि माझा डावा पाय उचलून खाली तिच्या पावडरच्या डबीचा आरसा धरला.

आरशात आरसा चमकला. देवेशला न मिळालेला तुकडा. आठ दिवस मी त्याच्यावर चालत होते. भोवतीचं मांस काळं पडलेलं. मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं! कुणा दुसऱ्याचा पाय बघावा तसं बघत बसले.

६ सप्टेंबर

पायातलं विष वर चढतंय म्हणतात. पाय ठेवता येईल का, उद्या-परवा सांगतील. देवेश बाहेर जाऊन रडून येतो, त्याला वाटतं मला कळत नाही. देवा, पाय नेऊ नको रे.

कुंदा येऊन गेली. उशाशी मान खाली घालून बसलेली. "वयनी, मी तुझ्या पावलांवर हळदकुंकू घातलंय. माका ठावक असता तर..."

"तर काय? पुसली असतीस?"

ती माझं पांघरूण सारखं करत राहिली. माझ्याच रक्ताला मी कपाळ टेकलं आणि धन्य झाले. गवर कुणाच्या घरी गेली होती कोण जाणे.

१० सप्टेंबर

गुडघ्याखालून गेला. पांघरूण तिथे सपाट आहे. बघवत नाही.

२२ सप्टेंबर

घरी आले. पहाटे डाव्या तळव्याला कळ आली. मधोमध, टाचेच्या थोडं पुढे — बारीक, टोकदार काहीतरी रुततंय. आई गं! म्हणून पाय मागे घ्यायला गेले.

घ्यायला पाय नाही. आणि ते अजून रुततंय.