एक नंबरच्या दोन व्हॉल्व्हची हकिकत

महाळुंगे पडवळ,
सोमवार

जावईबापू समर्थराव यांना सासरे हौशीराम यांचे आशीर्वाद. आपली तब्येत बरी असेल, जेवण वेळेवर होत असेल (कोण रांधतं, हे विचारणं मला शोभत नाही). इकडे हर्षाली खुशाल आहे. माहेरी येऊन तिला दीड महिना झाला. तेवढ्यात ती दोनदा हसली, दोन्ही वेळा म्हशीकडे बघून. पत्र अशासाठी लिहितो, की आमच्या घरात फोनवर बोललेलं गोठ्यापर्यंत ऐकू जातं.

काम तातडीचं आहे. आपल्या पाणी योजनेचं नेटवर्क, जे तुम्ही स्वतः चार दिवस उपाशीतापाशी बसून लावून दिलंत, ते बंद पडलं. आणि योजनेचा चेअरमन या नात्याने ते मीच पाडलं.

तुम्ही शिकवलेलं मी विसरलो नव्हतो. पंपघरातल्या कॉम्प्युटरवर आडवी रेघ म्हणजे केबल, तिला टांगलेला एकेक चौकोन म्हणजे एकेका आळीचा व्हॉल्व्ह, आणि चौकोनाखाली त्याचा नंबर. कंट्रोलर नंबर घेऊन हाक मारतो, त्या नंबरचा व्हॉल्व्ह ओ देतो, पाणी सुटतं. हाक मारल्याशिवाय कुणी आपणहून बोलत नाही. इथवर सगळं ठीक होतं. चूक झाली ती हे चित्र वरच्या आळीच्या गेणभाऊंना कौतुकाने दाखवण्यात.

त्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाले, "आमची आळी तीन नंबरला? जत्रंत पहिला नारळ आमचा. हितं आमचा मान कुणी काढला, राव?" मी समजावलं, की हा मानाचा नंबर नाही, पोस्टाच्या पत्त्यासारखा आहे. ते म्हणाले, मग पहिला पत्ता आमाला द्या. द्यायला माझं काय जात होतं? पण तोवर बातमी खालच्या आळीत गेली आणि लंकाबाई पदर खोचून पंपघराच्या दारात. "इतकी वर्सं एक नंबर आमचा व्हता. आता आमी शेपटाला बसायचं? न्हाई जमायचं!"

समर्थराव, मी गावात लग्नाच्या पंगती बसवलेला माणूस आहे. दोन मानकरी भांडायला लागले, की दोघांना समोरासमोर पहिल्या पाटावर बसवायचं, हा माझा आजवरचा तोडगा. मी दोन्ही व्हॉल्व्हना एकच नंबर दिला. एक. स्क्रीनवर पिवळा त्रिकोण उमटला, मला वाटलं शुभ कार्याला हळद लागली. ओके दाबलं.

तेव्हापासून कंट्रोलर 'एक' म्हणून हाक मारतो, दोघं एकदम ओरडतात, त्याला एकाचंही कळत नाही आणि पाणी कुणालाच सुटत नाही. दोन्ही आळ्यांचा कांदा माना टाकतोय. मला रस्त्याने जाताना कुणी रामराम घालत नाही. तरी आपण पत्र मिळताच यावं. नारायणगावला उतरा, मी न्यायला येतो.

आपला,
हौशीराम

ता.क. खोटं अंगी लागत नाही म्हणून लिहितो. नेटवर्क शुक्रवारीच सुरू झालं. हर्षालीने केलं. तुमच्या शेजारी बसून पाहिलं होतं म्हणाली. तिने एक नंबर खालच्या आळीकडेच ठेवला, वरच्या आळीला जुना तीन परत दिला आणि गेणभाऊंना सांगितलं, की तुमचा चौकोन चित्रात सगळ्यांत वर ठेवलाय. कांदा तरारला आहे. तरीही या.

ता.क. दुसरा. काम झाल्यावर तिने तुम्हाला फोन लावायला घेतला आणि खाली ठेवला. म्हणाली, "आधी त्यांनी इचारावं." तिकडे तुम्हीही हेच म्हणत असाल. मला पोरीची काळजी वाटते, आणि तुमचीही. तेव्हा पहिली हाक तुम्ही मारा आणि एक नंबर तिला देऊन टाका. चौतीस वर्षं मी या घरात दोन नंबरला आहे. पाणी येतं.